तीन पायल्या बन्सी

घर एसटी स्टँडजवळ असू नये. असलंच तर नवरा रंगनाथसारखा असू नये. भागिरथीच्या नशिबी दोन्ही आलं होतं.

राहुरीच्या स्टँडमागच्या गल्लीत त्यांच्या भाड्याच्या दोन खोल्या. रंगनाथ कृषी विद्यापीठात कारकून, भागिरथी प्राथमिक शाळेत शिक्षिका, घरात नऊ वर्षांची भीमा आणि पाच वर्षांचा सहादेव. रंगनाथचं गाव डोंगराच्या पायथ्याला, एसटीनं दीड तासावर. गावचं माणूस बाजाराला आलं की आधी या दारात यायचं, "जरा एवढं ठिवता का, आलोच," म्हणायचं आणि हातातलं ओझं टेकवून मोकळं व्हायचं. संध्याकाळची गाडी गाठायच्या घाईत निम्मी माणसं ते न्यायची, निम्मी विसरायची, आणि काही तर मुळात ठेवायलाच आलेली असायची. रंगनाथनं आजवर एकालाही नाही म्हटलं नव्हतं. "ठेवा की, घर आपलंच आहे," असं म्हणून तो पुन्हा वर्तमानपत्रात तोंड घालायचा. गावात त्याचं फार नाव होतं. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय. त्या ओझ्यांखालचे उंदीर कोण हाकलतं, हे गावाला माहीत नव्हतं आणि रंगनाथलाही नव्हतं.

आतल्या खोलीची एक अख्खी भिंत अशी गेली होती. मोटेचं वाळकं चामडं, नांगराचे दोन फाळ, भजनी मंडळाची जाजमं, काच फुटलेली बत्ती, चुलतदीर काकासाहेबांच्या खाटेचे खूर, कुणाच्या तरी रुखवताची पत्र्याची पेटी. वर गोण्याच गोण्या. दुष्काळात गाव खडी फोडायच्या कामांवर पांगलं, तेव्हा तर लोकांनी घरातलं उचलून इथं आणून टाकलं. उरलेल्या जागेत दोन्ही मुलं झोपायची. भीमा त्या वर्षी एकदम उंच झाली होती. तिला पाय पसरता यायचे नाहीत. गुडघे पोटाशी घेऊन झोपायची आणि सकाळी पाय चोळत उठायची. भागिरथीला जगातलं फार काही नको होतं. मुलांना पाय लांब करून झोपता येईल एवढी जमीन तिला स्वतःच्या घरात हवी होती, आणि तेवढीच मिळत नव्हती.

सकाळची तर नुसती पळापळ. सातला शाळा भरायची. पाणी भरायचं, शेगडी पेटवायची, भीमाच्या वेण्या घालायच्या, सहादेवला शोधून त्याला चड्डी घालायची आणि यातून दोघांच्या मधल्या सुट्टीचं काहीतरी करायचं. रंगनाथ तेवढ्यात दाढी करायचा. नुसती दाढी. एवढ्या वेळात एखाद्यानं अख्खी बकरी भादरली असती. शाळेतल्या रतनबाईंनी तिला यावर तोड सांगितली. रविवारी एकदाच नानकटाई भाजून ठेवायची, आठवडाभर डब्यात दोन-दोन घालायच्या. त्यासाठी बेकरीच्या भट्टीवर रांग लावायलाही नको. जाड बुडाच्या पातेल्यात वाळू घालायची, पातेलं शेगडीवर तापवायचं, वाळूवर थाळी ठेवायची, वरून झाकण आणि झाकणावर निखारे. भागिरथीनं ते केलं. पण रेशनच्या पिठाची नानकटाई अशी झाली, की सहादेवनं ती दोन दिवस गोट्या खेळायला वापरली.

त्र्याहत्तर साली पाऊस बरा झाला. पांगलेली माणसं गावी परतली. आता तरी आपापलं नेतील म्हणून भागिरथीनं पोळ्यापर्यंत वाट पाहिली. नेलं कुणीच नाही. उलट काकासाहेबांनी एक मोडका पाळणा आणून ठेवला. त्या दिवशी तिचं डोकं फिरलं. तिनं शाळेतून येतानाच पोस्टकार्ड घेतलं आणि गावच्या चावडीच्या पत्त्यावर लिहून टाकलं, की ज्यानं त्यानं आपलं सामान घटस्थापनेच्या आत घेऊन जावं, त्यानंतर जे उरेल ते भंगारात जाईल. खाली स्वतःची सही केली, हुद्द्यासकट.

कार्ड चावडीवर मोठ्यानं वाचलं गेलं. रंगनाथला हे तिसऱ्या दिवशी कळलं आणि तो चार दिवस घुम्यासारखा जेवला. पाचव्या दिवशी म्हणाला, की तिनं त्याचं नाक कापलं. भागिरथी म्हणाली, की नाक एवढं मोठं आहे तर त्यावरच दोन गोण्या ठेवा. माणसं मात्र आली. तोंडं वाकडी करून आली, चहा न घेता बसली आणि आपापलं घेऊन गेली. काकासाहेब तर पाळणा डोक्यावर घेऊन स्टँडपर्यंत गल्लीभर ऐकू जाईल असं बोलत गेले. उरलं ते तिनं खरंच भंगारवाल्याच्या हातगाडीवर घातलं, चामड्यासकट.

सगळ्यात शेवटी, अगदी तळाला, एक लहान गोणी निघाली. तोंड सुतळीनं शिवलेलं. तिनं उसवून पाहिलं तर आत राखच राख, कडुनिंबाचा वाळका पाला आणि त्यात गहू. भागिरथी नगर शहरातली, शिंप्याच्या गल्लीत वाढलेली. राख म्हणजे घाण, एवढंच तिला ठाऊक. गव्हाची कुणी अशी दशा करतं का, म्हणून तिचा पारा चढला. ती तशीच बाहेरच्या खोलीत गेली आणि रंगनाथला विचारलं, ही गव्हाची गोणी कुणाची. त्यानं वर पाहिलं नाही. असेल कुणाची तरी, म्हणाला, आता सगळं तूच ठरवतेस तर हेही ठरव. तिनं घटस्थापना होऊन चार दिवस जाऊ दिले. कुणी आलं नाही. मग तिनं गहू पाखडला, तीन पाण्यांनी धुतला, अंगणात वाळवला आणि गिरणीत देऊन आली. पुरत्या तीन पायल्या भरला.

पीठ पिवळसर, रवाळ निघालं. त्या रविवारची नानकटाई हातात धरली तरी तुटेल अशी खुसखुशीत झाली. भीमानं वर्गात वाटून खाल्ली. पुढच्या रविवारी भागिरथीनं दोन थाळ्या जास्त भाजल्या, मधूनमधून चपात्याही लाटल्या. रिकाम्या भिंतीकडं मुलांची अंथरुणं पडली. भीमा हातपाय ताणून झोपली, तर भागिरथी तिच्याकडं बघत बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला या घरात राहायला आवडू लागलं होतं.

दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी लंकाबाई आल्या. रंगनाथच्या चुलत्याची बायको, साठी उलटलेली, दोन मुलांची आई. भागिरथीला कोण येणार याची हल्ली धास्ती असायची, पण लंकाबाईंच्या दोन्ही हातांत काही नव्हतं, म्हणून तिनं मनापासून या म्हटलं. शेगडीवर थाळी होतीच. तिनं बशीत चार गरम नानकटाया घातल्या, चहा टाकला. म्हातारीनं एक उचलली, बोळक्या तोंडानं अर्धी खाल्ली, लई चांगली झाली म्हणाली. मग गुडघे धरून सावरून बसली.

"रंगाला हाक मार," ती म्हणाली. "माजी गोनी न्यायला आले. पेरनी आलीया."

"कसली गोणी, काकू?"

"राखंतली. तीन पायल्या बन्सी हाय. बी हाय ते."

भागिरथीनं आधी खोटं बोलायचा विचार केला, हेही खरं. भंगारात गेली म्हणावं, उंदरांनी खाल्ली म्हणावं. पण समोर बशी होती. तिनं सांगून टाकलं, की गहू दळला. म्हातारीनं तिच्याकडं पाहिलं, हातातल्या नानकटाईकडं पाहिलं आणि राहिलेला अर्धा तुकडा बशीत ठेवला.

लंकाबाईंनी आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. त्यांनी एकेक शब्द नीट सांगितला. सासऱ्याच्या हातचं बी, कीड लागू नये म्हणून राखेत आणि पाल्यात जपलेलं. दुकानात आता संकरित मिळतं, पण त्याला पाणी लागतं, खत लागतं. त्यांच्या कोरडवाहू तुकड्यात नुसत्या ओलीवर येतो तो हा बन्सी गहूच.

"दुष्काळात घरात ठिवलं असतं तर पोरांनी दळून खाल्लं असतं," त्या म्हणाल्या. "भुकेला काय कळतं? म्हनून चोरून हितं आनलं. पोरांना बी सांगितलं न्हाई. नातवंडं रातीला पानी पिऊन झोपली, पर म्या तोंडातनं अक्षर काडलं न्हाई. आन् तुमी भरल्या घरात दळून खाल्लं."

भागिरथीच्या अंगाची लाही लाही झाली. शब्द खरे होते म्हणून जास्तच झाली. तिनंही तोंड सोडलं. दोन वर्षं गोणी पडून होती, तिनं पत्र पाठवलं होतं, सगळं गाव येऊन गेलं, मग यांनाच का येता आलं नाही, आणि बियाणं आहे असं कुणी सांगायला नको का.

"पत्र पोरांनी ऐकलं आसंल. त्यांना गोनीच ठावं न्हाई, ती मला काय सांगतील? आन् बी हाय ह्ये सांगितलं नव्हतं कुनी? रंगाच्या हातात दिली म्या. त्याला सांगितलं, ह्ये बी हाय, बाबा, जिवापल्याड जप."

रंगनाथ दारात येऊन उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. भागिरथीनं त्याच्याकडं पाहिलं. तो म्हणाला, दोन वर्षांपूर्वीचं कुणाच्या लक्षात राहतं. मग म्हणाला, बोलल्या असतील बहुतेक. मग म्हणाला, आता झालं ते झालं, आपण काकूंना विद्यापीठातून चांगलं बियाणं देऊ, त्यापेक्षा दुप्पट देऊ.

"मी तुम्हाला विचारलं होतं," भागिरथी म्हणाली. "गोणी हातात घेऊन विचारलं होतं. तुम्ही मान वर केली नाहीत."

"तू तेव्हा कुणाचं ऐकण्याच्या मनःस्थितीत—"

"मी विचारलं होतं."

भागिरथीच्या मनात आलं, की ही शेगडी उचलावी आणि याच्या त्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर उपडी करावी. दहा वर्षं हा माणूस सगळ्यांना हो म्हणत आला होता आणि त्यातलं एकही ओझं त्यानं उचललं नव्हतं. डोक्यात सुद्धा नाही. एका म्हातारीनं विश्वासानं हातात दिलेला शब्द त्यानं वर्तमानपत्र चाळता चाळता सांडून टाकला होता. आणि ती स्वतः? घर आवरायच्या झपाट्यात तिनं सुतळीनं शिवलेलं तोंड उसवलं होतं. ते कुणीतरी जपून शिवलंय, एवढं शिंप्याच्या गल्लीतल्या बाईला कळू नये? तिला स्वतःचाही तेवढाच संताप आला आणि तो कुणावर काढता येईना.

तिनं लंकाबाईंना विचारलं, हे बी आणखी कुणाकडं असेल का. म्हातारी म्हणाली, धाकटी बहीण गीताबाई शेवगावकडं दिलीय, चार वर्षांमागं तिनं पायलीभर नेलं होतं. जपलं असेल तर असेल. पण आता आपले गुडघे एवढा प्रवास काढणार नाहीत.

"पत्र टाकतो उद्या," रंगनाथ म्हणाला.

"पत्र नाही. तुम्ही जायचं."

"उद्या ऑफिस आहे."

"मलाही शाळा आहे. मी रोज जाते आणि रोज येऊन हे घर ओढते. उद्या रजा टाका. पहाटेची गाडी धरा." तिनं खुंटीवरची पिशवी काढून त्याच्या हातात दिली. "गीताबाईंच्या पाया पडा, काय वाटेल ते करा. मिळालं तर तसंच गावी जाऊन काकूंच्या हातात द्या. इथं आणायचं नाही."

"आणि नाहीच मिळालं तर?"

"तर चावडीवर उभं राहून सांगा. बायकोनं दळलं, हे सांगा. मला माहीत होतं आणि मी तिला सांगितलं नाही, हेही सांगा. गावात तुमचं नाव आहे ना. ऐकतील."

रंगनाथनं लंकाबाईंकडं पाहिलं, त्या मध्ये पडतील या आशेनं. लंकाबाई भिंतीकडं बघत होत्या. तो पिशवी घेऊन बाहेरच्या खोलीत गेला, आणि बऱ्याच वेळानं एसटीच्या वेळा विचारायला स्टँडकडं गेला.

"दळलं मी, काकू," भागिरथी म्हणाली. "चुकलं माझं."

"चुकलंच," लंकाबाई म्हणाल्या. "पीठ किती ऱ्हायलंय?"

भागिरथीनं डबा आणला. निम्म्याहून थोडा कमी भरलेला होता. म्हातारीनं पदर सोडला, पण पीठ त्यात मावेना, म्हणून भागिरथीनं उशीचा धुतलेला अभ्रा दिला. पीठ बांधून झाल्यावर लंकाबाईंनी शेगडीवरच्या पातेल्याकडं बोट केलं. भागिरथीनं निखारे काढले, झाकण काढलं, थाळी उचलून त्यांच्यासमोर ठेवली. एवढ्यात सहादेवनं हात पुढं केला. तिनं तो मनगटाला धरून मागं ओढला. मुलगा रडायला लागला, तरी सोडला नाही. लंकाबाईंनी एकेक नानकटाई उचलून पदरात घातली, बशीतल्याही घेतल्या, आपला उष्टा तुकडासुद्धा. नातवंडांसाठी, असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि भागिरथीनं विचारलं नाही.

गाडी चुकेल म्हणून त्या उठल्या. अभ्र्याची गाठ काखेत मारून, भिंतीला धरत, पायरी उतरल्या. भीमा दाराआड उभी राहून सगळं ऐकत होती. आई, मग उद्या डब्यात काय, असं तिनं हळूच विचारलं.

भाकरी, भागिरथी म्हणाली. आणि तिनं पातेल्यातली गरम वाळू अंगणात नेऊन ओतली.