नुकसानीचं कारण

अमेरिकेतल्या एरी शहरात, जुन्या कॉम्प्युटरवाल्यांच्या मंडळात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी एक गोष्ट ऐकवली जायची. मशीन म्हणजे त्याच्या आतला सर्किट-बोर्ड, बाकी सगळे कपडे. डबा फुटला, दुसरा घाला. बटणं गेली, दुसरी बसवा. पण बोर्ड बदललात की ते मशीन तुमचं राहिलं नाही, मग उगाच टेबलावर मांडून मिरवू नका. मंडळात जेमतेम चौदा म्हातारे होते आणि चौदाही जण हे अशा थाटात सांगायचे, जणू मोझेसने डोंगरावरून देवाची आज्ञा म्हणून हेच खाली आणलं होतं.

त्यातला सगळ्यात कट्टर लेनर्ड गोर्स्की. वय एकोणऐंशी, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, घरात बोलायला रेडिओ. गेली दोन वर्षं तो एकाच बोर्डाच्या मागे हात धुऊन लागला होता. तो ज्या मशीनचा, ते त्याच्या तळघरात छत्तीस वर्षं पडून होतं आणि तेवढ्या काळात तळघरात दोनदा पाणी शिरलं होतं. बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा कळकून हिरव्या झाल्या होत्या, काही तर ब्रश लावताच निघून आल्या. चिपांचे पाय खाचेतच मोडून राहिले होते. शहाणा माणूस असता तर त्याने ते कचऱ्यात टाकलं असतं.

मंडळाचा खजिनदार मर्ल हचिन्स दर महिन्याला त्याच्या स्वयंपाकघरात येऊन बसायचा आणि मान हलवायचा.

"लेन, हाच बोर्ड, चालू, दोन पिझ्झांच्या बदल्यात आणून देतो."

"नको."

"बरं, एक पिझ्झा. वरचं चीजसुद्धा तूच खा."

"मर्ल, हा कर्टिसचा बोर्ड आहे."

यावर मर्ल उठून कॉफी ओतून घ्यायचा. कर्टिस हा लेनचा एकुलता एक मुलगा, क्लीव्हलंडला राहायचा, गाडीने दोन तासांवर. आईच्या अंत्यविधीला आला, सगळ्यांशी हात मिळवले आणि कॉफी न घेता निघून गेला, एवढं मंडळातल्या सगळ्यांना माहीत होतं. का, ते कुणाला माहीत नव्हतं.

सांगायला फार वेळ लागत नाही. शहाऐंशी सालच्या मार्चमध्ये लेनचा कारखाना बंद पडला. बावीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस भर दुपारी घरी आला, तर सोळा वर्षांचा कर्टिस टीव्हीला जोडलेल्या त्या मशीनसमोर बसला होता. दोन हिवाळे बर्फातून घरोघरी पेपर टाकून त्याने ते घेतलं होतं. लेनने कारखान्याचं सांगितलं. मान न वळवता पोरगा म्हणाला, "डॅड, आता ती कामं कॉम्प्युटरच करणार." त्याला टोमणा मारायचा नव्हता. त्याला ती आनंदाची बातमी वाटत होती. लेनने वायरी उपटल्या आणि मशीन उचलून तळघराच्या जिन्यावरून खाली भिरकावलं. तेरा पायऱ्या.

डोलोरेसने, लेनच्या बायकोने, शेजारपाजारी सांगितलं की कर्टिसच्या हातून पडलं. मग ती घरातही तसंच म्हणायला लागली, आणि लेनने तिला म्हणू दिलं. पुढे त्याने सरकारी वर्गात इलेक्ट्रॉनिक्स शिकून घेतलं आणि निवृत्त होईपर्यंत शाळा-ऑफिसांतले कॉम्प्युटर दुरुस्त करून पोट भरलं. यावर त्या घरात कुणीही कधी हसलं नाही.

आता त्याला एकच हवं होतं. मशीन चालू व्हावं आणि ते चालू झालेलं कर्टिसने पाहावं. मोडलेलं मोडलेलं राहिलं नाही, की बोलायला उरलंच काय? त्याच्या डोक्यात हा हिशेब अगदी पक्का बसला होता.

सकाळी ओटमील खाल्लं की तो खिडकीपाशी भिंग लावून बसायचा. आधी व्हिनेगर, मग स्पिरिट, मग टूथब्रश. जिथे रेघ गेली तिथे केसाएवढी तार, दोन्ही टोकांना कथलाचा डाग. हात थरथरायचे, म्हणून तो श्वास रोखून डाग द्यायचा आणि मग खोकत बसायचा. शुक्रवारची चर्चमधली मासळीची पंगत चुकली, डॉक्टरची तारीख चुकली, कोबीचं सूप दोनदा करपलं. एक तार जुळावी तर शेजारची रेघ सुटावी. जोडलेल्या टीव्हीचा पडदा वर्षभर काळा राहिला, मग त्यावर नुसते चौकोन दिसू लागले. भडकून त्याने एकदा भिंगच फरशीवर आपटलं आणि दुसऱ्या दिवशी नवीन आणलं. यंदा फेब्रुवारीत, त्रेचाळिसाव्या तारेनंतर, निळ्या पडद्यावर कर्सर लुकलुकायला लागला. लेनने शेगडी बंद केली, खुर्चीत बसला आणि रडला.

राहिला डबा. पिवळा पडलेला, आणि मागच्या उजव्या कोपऱ्यापासून कीबोर्डपर्यंत उभा तडकलेला. मर्लने एका मेलेल्या मशीनचा स्वच्छ डबा आणून दिला. लेनने जुना डबा पुठ्ठे-बाटल्यांच्या निळ्या कचरापेटीत टाकला, तडा खालच्या बाजूला करून. मंडळाचा नियमच तसा होता. आणि खरं सांगायचं तर तो तडा पुन्हा बघावा लागणार नाही, याचं त्याला बरंच वाटलं.

एप्रिलमध्ये चर्चच्या हॉलमध्ये मंडळाचं प्रदर्शन भरलं. प्रत्येक मशीनपुढे एक कार्ड ठेवायची पद्धत होती: साल, मालक, नुकसानीचं कारण, काय बदललं. लेनने सुवाच्य अक्षरात लिहिलं. मालक: कर्टिस गोर्स्की. नुकसानीचं कारण: तळघरातलं पाणी. काय बदललं: फक्त डबा. मग त्याने क्लीव्हलंडला फोन लावून कर्टिसला मशीनचं सांगितलं.

"चालू झालं?" कर्टिसने विचारलं.

"तू ये आणि बघ."

"येतो."

तो आला. चोपन्न वर्षांचा, टक्कल पडलेला, कोटावर कुत्र्याचे केस. मर्ल पिएरोगीची, म्हणजे बटाटा भरलेल्या पोलिश करंज्यांची, ताटली घेऊन पुढे झाला. "घे, आमच्याकडे मशीनं जुनी असतात, पिएरोगी आजच्या."

कर्टिसने ताटली घेतली नाही. त्याने पडद्याकडेही पाहिलं नाही. मशीन किंचित कलतं केलं आणि मागच्या उजव्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. मग डावीकडून. मग पुन्हा उजवीकडून.

"हे माझं नाही," तो म्हणाला.

"तुझंच आहे!" लेनने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि मशीन बंद करून झाकण उघडलं. "हा बघ बोर्ड. त्रेचाळीस तारा. दुसरा मिळत होता, मी घेतला नाही. मर्लला विचार."

"वेडा झाला होता तुझा बाप," मर्ल म्हणाला. "आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं."

कर्टिसने वाकून तारा पाहिल्या. नीट पाहिल्या, एकेक. काम चांगलं झालंय हे त्याला कळत होतं, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते क्षणभर दिसलंही.

"डॅड, हा बोर्ड मी कधी पाहिलाच नव्हता," कर्टिस म्हणाला. "उघडायची माझी हिंमत नव्हती, बिघडेल म्हणून. मला बाहेरचं तेवढं माहीत होतं. जुना डबा कुठे आहे?"

"गेला तो. फुटलेला होता."

"कशाने फुटला होता?"

मर्ल ताटली धरून उभा होता. शेजारच्या टेबलावरचे दोघे वळून बघायला लागले.

"जुनं प्लॅस्टिक," लेन म्हणाला. "ठिसूळ होतं रे."

कर्टिसने मग कार्ड उचललं आणि वाचलं. तो हसला.

"तळघरातलं पाणी. आणि तळघरात ते काय स्वतःच्या पायांनी उतरलं होतं?"

"कर्टिस..."

"मरेपर्यंत मॉम म्हणत राहिली, तुझ्याच हातून पडलं. इतकी वर्षं ऐकलं की शेवटी मलाच तसं वाटायला लागलं. तिला पुरलं त्या दिवशी मी तळघरात गेलो होतो. तुम्ही सगळे वर कॉफी पीत होता. तो तडा बघितला. माझ्या हातून पडून एवढा तडा जात नाही. म्हटलं, हा एक पुरावा तरी आहे." त्याने टेबलावरचं पेन उचलून कार्डाशेजारी ठेवलं. "एवढी एक ओळ बदला. मला दुसरं काही नको. मी थांबतो."

लेनने पेन घेतलं. अख्खा हॉल त्याच्याकडे बघतोय असं त्याला वाटलं, आणि निम्मा तर खरंच बघत होता. तीन शब्द पुरले असते. त्याचा हात या वेळी जराही थरथरत नव्हता.

"इथे सगळ्यांपुढे कशाला," तो हळूच म्हणाला. "घरी जाऊन बोलू."

"घरी," कर्टिस म्हणाला. त्याने थोडा वेळ वाट पाहिली, खरोखरच पाहिली. मग कोटाची बटणं लावली, मर्लला थँक यू म्हणाला आणि दाराबाहेर पडला.

मर्लने ताटली खाली ठेवली. लेनने झाकण लावलं, चारही स्क्रू आवळले आणि मशीन चालू केलं. कर्सर लुकलुकत होता. कार्ड त्याने पुन्हा जागेवर ठेवलं, आणि पेन खिशात घातलं.

चार वाजता बक्षिसं जाहीर झाली. सर्वोत्तम दुरुस्तीसाठी अध्यक्षांनी लेनचं कार्ड हातात घेतलं आणि माइकवरून सगळं वाचून दाखवलं, मालकापासून शेवटच्या ओळीपर्यंत. नुकसानीचं कारण, तळघरातलं पाणी. लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. मर्लने वाजवल्या नाहीत.

लेन उठला आणि बक्षीस घ्यायला पुढे गेला.