बुधवारी वाळणारी चिंधी

मला खुशाल चिंधी म्हणा, मला त्याची लाज वाटत नाही. पण बोलायला बसलेच आहे तर आधी कुळ सांगते. मी इरकली लुगडं होते, डाळिंबी रंगाचं, बेळगावच्या अंबुबाईंचं. हातमागावर जन्मले, सणावाराला मिरवले, मग रोजच्या नेसणीत आले आणि शेवटी जुनेर झाले. जुनेराचं पुढं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. कुणी गोधडीत जातं, कुणी फडक्यात. माझ्या नशिबी एक डोकं आलं.

डोकं शलाकाचं. ती अंबुबाईंची सून, मूळची पुण्याची. ती आणि तिचा नवरा वासुदेव, दोघंही बेंगळुरूत आयटीत. बेळ्ळंदूरच्या एका उंच इमारतीत त्यांचं घर आहे, आणि घरात एक सिद्धी आहे, पहिलीत जाणारी. शलाकाला मायग्रेन आहे. अंबुबाई त्याला अर्धशिशी म्हणतात. नाव कुठलंही घ्या, दुखायचं तेवढं दुखतंच.

आमची ओळख झाली ती बाथरूमच्या फरशीवर. अंबुबाई लेकाकडे राहायला आल्या होत्या, अंगावर मी. सून ओकून ओकून दमली होती आणि गार नळाला कपाळ लावून बसली होती. दिवा लावला तर ती कळवळली. अंबुबाईंनी दुसरं पातळ नेसलं, मला उभं फाडलं, एक लांब पट्टी पाण्यात भिजवली आणि तिच्या डोक्याला बांधली.

"अजून घट्ट, आई," शलाका म्हणाली.

त्यांनी गाठ आवळली. तेव्हा पहिल्यांदा तिच्या डाव्या कानशिलाची शीर माझ्याखाली उडताना मला लागली. बाकीचं लुगडं बेळगावला परत गेलं, मी इथंच राहिले. त्या शिरेला मी जेवढं ओळखते तेवढं तिच्या नवऱ्यानंही ओळखलं नसेल.

शलाका तशी हार मानणारी नव्हती. आपल्याला काय बाधतं ते तिनं शोधायला घेतलं. ऑफिसच्या कॅबमधलं ते गोड वासाचं सेंट बाधायचं, म्हणून ड्रायव्हरला विनंती करून तिनं ते काढायला लावलं. डोक्यावरचा पांढरा दिवा बाधायचा, तिनं जागा बदलून घेतली. रविवारी उन्हं वर येईपर्यंत झोपलं की सोमवार वाया जायचा, म्हणून रविवारीही ती लवकर उठू लागली. याचा गुण आला, नाही असं नाही. पण एक जातीचं दुखणं काही केल्या हटेना. ते आलं की आधी डोळ्यांपुढं नागमोडी उजेड नाचायचा, मग अर्धं जग दिसेनासं व्हायचं, आणि मग मी.

लोकांचं काय विचारता! एकीनं सांगितलं, नाकात तूप घाल. दुसरीनं चष्म्याचा नंबर तपासायला लावला. तिचा मॅनेजर फोनवर म्हणाला, "हेडेक ही है ना, एक कॉल ले लो." मी तेव्हा डोळ्यांवर होते, नाहीतर त्या फोनकडे एकदा चांगलं बघून घेतलं असतं. सिद्धीला तर घरात कुजबुजत बोलायची सवय लागली. पोरगी शाळेतही कुजबुजते, अशी बाईंची तक्रार आली.

अंबुबाईंचा जीव तुटायचा. त्यांनी बेळगावहून फोन केला, "संकष्टी धर गं शलाका. माझ्या शब्दाखातर धर. देव बघतोय की."

शलाका पुण्यात असताना एकही उपास करत नव्हती. पण सासूनं स्वतःचं लुगडं फाडून डोक्याला बांधलं होतं, त्या बाईला नाही कसं म्हणणार? तिनं संकष्टी धरली. दिवसभर पोटात काही नाही, आणि समोरच्या टॉवरमागून चंद्र वर येईपर्यंत रात्री ताटकळणं. डोकं दुखायचं थांबलं नाही. मग अंबुबाई म्हणाल्या, "काहीतरी कमी पडतंय. मंगळवार पण धर." तिनं मंगळवारही धरला. चहा-कॉफीसुद्धा बंद, दिवेलागण झाल्यावर एकदाच जेवायचं. डोकं आणखी दुखायला लागलं. तेव्हा तिला वाटलं, आपलंच मन लागत नसेल.

जयनगरला एका मोठ्या डॉक्टरांकडेही ती गेली. मी पर्समध्ये होते. डॉक्टर भले होते, सावकाश विचारत होते. झोप किती, कॉफी किती, गोळ्या किती. रोज गोळी घेत राहिलात तर गोळीनंच डोकं दुखायला लागेल, असंही त्यांनी बजावलं. मग विचारलं, "जेवण चुकवता का?"

"नाही डॉक्टर. डबा नेते रोज," ती म्हणाली.

ती खोटं बोलली नव्हती. कामाच्या घाईत जेवायचं राहून गेलं तर ते जेवण चुकवणं. उपास हा उपास असतो. तुमच्या आमच्या घरात कोण म्हणतं हो, की मी मंगळवारचं जेवण चुकवते? तिच्या मनात दुखणं एका बाजूला होतं आणि उपास औषधांच्या बाजूला, गोळ्यांच्या शेजारी. त्या बाजूला कुणी शंका घ्यायला जातच नाही.

मग तो दिवस आला. संध्याकाळी सिद्धीला डान्स क्लासहून आणताना रिंग रोडवर ती स्कूटर चालवत होती. समोरच्या बसचा अर्धा भाग एकदम दिसेनासा झाला. तिनं कशीबशी गाडी कडेला घेतली, एका शहाळेवाल्याच्या गाडीपाशी. पर्समधून मला ओढून काढलं, डोळ्यांवर बांधलं आणि फुटपाथवर बसली. एका हातानं तिनं सिद्धीचं मनगट धरलं होतं. मला काही दिसत नव्हतं, नुसते हॉर्न आदळत होते आणि ती शीर फुटेल की काय अशी उडत होती.

"आई, हात दुखतोय," सिद्धी कुजबुजली.

"सोडणार नाही मी. बाबांना फोन लाव."

वासुदेव येईपर्यंत तिनं तो हात सोडला नाही. पोरीच्या मनगटावर बोटांचे वळ उठले होते. घरी गेल्यावर ते वळ बघून शलाका जी रडली ती डोक्यामुळे नव्हे.

त्यानंतर ठरलं. सिद्धीला बेळगावला न्यायचं, जूनपासून तिथल्या शाळेत घालायचं. कुणी कुणाशी भांडलं नाही. "बरं वाटलं की आणू परत," वासुदेव म्हणाला. शलाका इथल्या लोकांसारखं "सरी" म्हणाली, म्हणजे बरं. ती स्वयंपाकघरात जाऊन उगाच ओटा पुसत राहिली. मला त्या घरात तेव्हा फार भीती वाटली. बरं कधी वाटणार, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

मे महिन्यात अंबुबाई नातीला न्यायला आल्या. बॅग भरली, संध्याकाळच्या गाडीची तिकिटं काढली. आदल्या दिवशी शलाकाचं डोकं उठलं होतंच. सकाळी तिनं मला धुतलं आणि गॅलरीतल्या दोरीवर टाकलं. अंबुबाई तिथंच उभ्या होत्या. समोरच्या गॅलरीत धनलक्ष्मी अक्का तुळशीला पाणी घालत होत्या. बेळगावच्या बाईशी कन्नड बोलायला मिळतं म्हणून अक्कांना अंबुबाई फार आवडायच्या.

"इदु याव व्रता री?" माझ्याकडे बोट करून अक्कांनी विचारलं. हे कुठलं व्रत?

"व्रत कुठलं?" अंबुबाई कन्नडमध्येच म्हणाल्या. "फडकं आहे."

"नाही, दर बुधवारी ही लाल पट्टी वाळत असते. मला वाटलं, तुमच्या मराठी लोकांत बुधवारचं काही असतं. फळ मिळत असेल तर मीही धरते. माझेही गुडघे दुखतात."

अंबुबाई हसायला गेल्या आणि थांबल्या. त्यांचा हात माझ्यावर होता, पिळायला घेतलेला, तो तसाच राहिला. माझ्यातलं पाणी त्यांच्या पायावर ठिबकत होतं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण चिंधीला कुठलं तोंड?

त्या आत गेल्या. शलाका सिद्धीची वेणी घालत होती.

"शलाका, काल काय खाल्लीस?"

"काही नाही आई. मंगळवार होता ना."

"आणि ती स्कूटरची गोष्ट झाली, तेव्हा कुठला वार होता?"

"मंगळवारच. डान्स क्लास मंगळवारीच असतो..." बोलता बोलता शलाकाचे हात वेणीतच थांबले. "आई, डॉक्टरांनी विचारलं होतं, जेवण चुकवता का. मी नाही म्हटलं."

अंबुबाई खाली बसल्या. आपण प्रेमानं दिलेलं औषधच सुनेला बाधत होतं, आणि त्यापायी नात आईपासून तुटत होती. पण त्याहून मोठी भीती पुढंच होती. शलाका हळू आवाजात म्हणाली, "आता उपास सोडला आणि सिद्धीचं काही वाईट झालं तर?"

पुण्याची, इंग्रजीत मीटिंगा घेणारी पोरगी ही. लेकराची गोष्ट आली की सगळ्या आया सारख्याच.

"उपास सोडायचा नाही," अंबुबाई म्हणाल्या. "मला दे. तुझा मंगळवार मी करते, संकष्टी पण मीच करते. घरातल्या कुणीही केला तरी देवाला पोचतो. तू जेव." मग वासुदेवाकडे वळून म्हणाल्या, "तिकिटं रद्द कर. बॅग आज नको. पुढच्या मंगळवारी बगूया."

तो आठवडा कसा गेला ते विचारू नका. भरलेली बॅग दाराशी तशीच होती. मंगळवारी सकाळी अंबुबाईंनी स्वतः उपीट केलं आणि सुनेपुढं ताटली ठेवली. दुपारी डबा, चार वाजता कॉफी आणि केळं. अंबुबाई उपाशीपोटी देवापुढं बसून होत्या.

संध्याकाळी शलाका पलंगावर टेकून बसली, मी तिच्या मांडीवर. दिवा लावायचा की नाही, कुणी ठरवेना. उजेड कमी होत गेला. ती दोन बोटांनी कानशील चाचपायची, पुन्हा हात खाली ठेवायची. वासुदेव दारात उभा होता. शेवटी सिद्धी आली, माझं टोक ओढलं आणि कुजबुजली, "आज बांधायची नाही?"

"आज नको वाटतं," शलाका म्हणाली आणि तिनं उठून दिवा लावला.

बुधवारी दोरी मोकळी होती. अक्कांनी पलीकडून विचारलं, व्रत संपलं काय? अंबुबाई म्हणाल्या, "मुगीतु." संपलं. बॅग त्या दिवशी उघडली आणि पोरीचे कपडे कपाटात परत गेले.

सगळं कायमचं गेलं, असं मात्र मी म्हणणार नाही. मी काही जाहिरात नव्हे. मध्येच भर उन्हात चालली तर डोकं धरतं, आठवडाभर झोप मोडली तरी धरतं. पण आता ती डॉक्टरांना सगळं सांगते, उपासासकट, आणि गोळी वेळेत घेते. बेळगावला अंबुबाई सुनेचा मंगळवार करतात आणि दुपारी फोन करून आधी विचारतात, जेवलीस काय.

आणि मी? मी विरले आहे, मधून आरपार दिसतं. सिद्धीनं मला बाहुलीला नेसवलं आहे, निऱ्या घालून, पदर काढून. लुगडं होते, चिंधी झाले आणि आता पुन्हा लुगडं झाले. सिद्धी बाहुलीला रोज भरवते आणि मोठ्यानं ओरडते, "उपाशी राहायचं नाही, सांगितलंय ना!" ती आता घरात ओरडते.

फक्त कधीतरी आतल्या खोलीचे पडदे ओढले जातात. तेव्हा ती धावत येते, मला बाहुलीच्या अंगावरून सोडवते, पाण्यात बुडवते आणि आईकडे नेते. तेवढा वेळ बाहुली उघडी बसते. मी परत येईपर्यंत सिद्धी तिच्यावर हात धरून बसते, तिला थंडी वाजते म्हणून. माझं तुमच्या देवाकडे काही मोठं मागणं नाही. त्या बाहुलीला कमी थंडी वाजू दे.