हेक्टरचा दगड

"दगड ढकलू नकोस, पोरी. नुसता सोडून दे."

बर्फावर दगड घसरवायचा हा खेळ, कर्लिंग, शिकवताना म्हाताऱ्या हेक्टरनं हे सांगितलं त्याला बावीस वर्षं झाली, तरी गुडघा बर्फाला टेकला की इशबेलच्या कानाशी तेच शब्द येत. तिनं मूठ सैल केली. दगड गुरगुरत निघाला, त्याची वाट गुळगुळीत करत पुढं तिच्या संघातली शोना झाडू घासत पळाली, आणि तळ्याच्या बर्फावर आखलेल्या वर्तुळात तो अलगद जाऊन बसला.

पलीकडच्या काठाच्या संघाचा कप्तान आर्ची कंबर धरून उठला. "गुडघे कुरकुरतात तुझे. चांगल्या डॉक्टरला दाखव एकदा."

"गावात एकच आहे, आणि पुढचं इंजेक्शन तुला तीच देणार आहे."

आर्ची हसतच खेळला. त्याचा दगड तिच्या दगडाहून वीतभर आत, वर्तुळाच्या मध्याजवळ जाऊन थांबला. आता शेवटचा दगड इशबेलचा; त्याहून आत बसला तर डाव तिच्या संघाचा, नाहीतर आर्चीचा.

अकरा वर्षांनी तळं असं गोठलं होतं. दुपारीच तिनं दवाखाना बंद केला, कारण सगळे पेशंट बर्फावरच होते. सगळे म्हणजे एक सोडून. न्यूमोनियातून उठलेल्या हेक्टरला तिनं उंबरा ओलांडायला मनाई केली होती. "ठीक आहे," तो म्हणाला होता, "पण तळं गोठलं तर एक दगड माझा. शब्द दे." तिनं हसून दिला. तळं कुठलं गोठतंय!

आज त्याचा निरोप आला नव्हता, तक्रार नव्हती. काठावरच्या त्याच्या खिडकीकडं तिनं सकाळपासून पाठ केली होती. गुरुवारी त्याची छाती साफ होती. तरी ती "अजून आठवडाभर" म्हणाली होती, कारण तसं म्हणणं सोपं असतं.

वारा पश्चिमेचा झाला होता. बर्फावर पाण्याचा पातळ ओलावा चढत होता. उद्यापर्यंत बर्फ खेळण्याजोगा राहणार नव्हता.

ती उठून उभी राहिली. "शोना, राखीव म्हणून नाव कुणाचं दिलंय?"

"हेक्टरचंच की. तळं गोठो न गोठो, दर वर्षी यादीत लिहितो आम्ही. सवयीनं."

खेळाडू बदलायचा तर समोरच्या कप्तानाची हरकत नसावी लागते. इशबेलनं आर्चीकडं पाहिलं.

"अगं, हात थरथरतो त्याचा," आर्ची हळू म्हणाला. "वाकता तरी येईल का?"

"दगडाला लावायच्या लांब काठीनं उभ्यानं सोडेल."

"हाताशी आलेला डाव घालवशील."

"घालवीन."

आर्चीनं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली. मग आपल्या माणसांना ओरडून म्हणाला, "चहा ओता रे! थांबायचंय."

इशबेलनं आपला झाडू शोनाच्या हातात दिला, गाडीतून दोन जाड घोंगड्या काढल्या आणि हेक्टरच्या घराकडं जाणारी काठावरची पायवाट चढू लागली.