भिंत सरकली

ताकामात्सू शहरातल्या आमच्या जेवणाच्या डब्यांच्या दुकानात जून उजाडला की मालक काजितानी कॅलेंडर पसरून बसतात. आम्ही सगळ्या तासांवर राबणाऱ्या बायका. वर्षाची कमाई एका आकड्यापलीकडे गेली की आमच्यावर कर बसतो आणि नवऱ्याला बायकोपोटी मिळणारी करसवलतही आटते. त्या आकड्याला इथे सगळे 'भिंत' म्हणतात. डिसेंबरात, नववर्षाच्या डब्यांची झुंबड असताना, कुणी भिंतीवर आपटून घरी बसू नये म्हणून मालक जूनपासूनच आमचे तास कापतात.

ही भिंत मालकांच्या फार सोयीची. पगारवाढीचं नाव काढलं की चेहरा पाडून म्हणणार, "मी देईन हो, पण मग तुमची भिंत ऑगस्टातच येईल. तुमच्याच भल्यासाठी हात आखडता घेतो." सरकारने कान धरून मजुरी वाढवायला लावली, तेवढीच काय ती आमची वाढ.

यंदा ते कॅलेंडर घेऊन उड्या मारतच स्वयंपाकघरात आले. "कायदा बदलला! भिंत लांब सरकली! किनुएबाई, आता वर्षअखेरपर्यंत खुशाल राबा!"

किनुए तव्यावर अंड्याच्या पोळीची वळकटी करत होती. तिच्या वळकटीसाठी स्टेशनापलीकडून गिऱ्हाईक येतं. मान वर न करता ती म्हणाली, "म्हणजे आता पगार वाढवायला हरकत नाही."

मालकांचं हसू थिजलं. आनंदाच्या भरात स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता. "अहो, नवी भिंतसुद्धा भिंतच असते..."

"आणि पलीकडच्या गल्लीतलं दुकानसुद्धा दुकानच असतं," मी तोंड घातलं. "तिथे माणसं हवी आहेत म्हणे."

"सुगिए, तू गप्प बस!"

"भिंत नसतीच," किनुए म्हणाली, "तर माझ्या तासाची किंमत किती?"

किनुएच्या इथल्या अकरा वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. मालक पुटपुटले, "पंधराशे येन."

आताच्या जवळजवळ दीडपट! मला शिट्टी वाजवावीशी वाटली.

"कधीपासून?" किनुएने विचारलं.

"उद्यापासून देतो. झालं समाधान?"

"ते नाही विचारत. माझी एवढी किंमत आहे, हे तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?"

मालकांनी कॅलेंडरात तोंड खुपसलं. "दुसऱ्या वर्षापासून."

मला असा संताप आला की हातातला झारा मी ओट्यावर आपटला. किनुएचे डोळे भरले होते, पण अंडं कुठे फाटलं नाही. तिने वळकटी अलगद फळीवर उतरवली.

"मग उद्यापासून नको," ती म्हणाली. "आजपासून."