मीटर खूश

आमच्या ह्यांना फरशीचं भारी कौतुक. गाडी ऐटीत उभी राहावी म्हणून त्यांनी अंगणातलं गवत उपटून फरशी बसवली, आणि गवताखाली माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, पुरलेल्या तांब्याच्या तारा भंगारात दिल्या. सासऱ्यांच्या वायरलेसचा उभा खांब तिथेच आहे, त्या तारा त्याच्या बुडापासून चहूकडे पसरलेल्या होत्या. त्यांच्या जागी ह्यांनी अर्थिंगची एक कांब जमिनीत ठोकली आणि हात झटकले.

"अरे, अर्धा अँटेना त्या तारांचाच असतो," बाबा म्हणाले.

ह्यांनी त्यांना वायरलेसचा मीटर दाखवला, खांबाकडे पाठवलेली ताकद किती परत येते ते सांगणारा. "काटा आधी कधी इतका छान होता का?" खरंच नव्हता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, आमच्याकडे तर बैलाला मीटरही होता.

दर रविवारी सकाळी समुद्रापलीकडून बाबांचा मित्र वायरलेसवर बोलायचा. उभ्या जन्मात भेट नाही, सगळी दोस्ती हवेतली. फोन नंबर मागायचंही दोघांना कधी सुचलं नाही. बाबा त्याला घोगऱ्या म्हणतात, तो बाबांना शिट्टी. फरशी झाल्यापासून त्याचं बोलणं आम्हाला ऐकू यायचं, पण बाबांचं त्याला जाईना. "शिट्टी, आहेस का? नाहीस वाटतं," म्हणून तो बंद करायचा आणि बाबा माइक धरून "आहे रे, आहे" म्हणत बसायचे.

"बाबांचा आवाज बसलाय, दुसरं काही नाही," हे म्हणाले. नाचता येईना अंगण वाकडं, त्यात अंगण वाकडं करणारेही हेच. बाबांना ते पटलं. ते मिठाच्या गुळण्या करायला लागले, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

मग एका रविवारी घोगरेकाका म्हणाले, "शिट्टी, पुढच्या रविवारी शेवटचं बोलावून बघतो. मुलीकडे राहायला चाललोय, खांब उतरवणार."

बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, "सगळी ताकद जमीनच पितेय गं. परत काही येतच नाही, म्हणून तर मीटर खूश आहे. तारा टाकल्या की काटा बिघडेल, पण आवाज जाईल."

शनिवारी हे बाहेर गेल्यावर मी माळ्यावरची जुनी वायर काढली. बाबांचे गुडघे वाकत नाहीत, ते खुर्चीतून सांगत होते. मी रांगत फरशीवरून, कुंड्यांमधून वायरी पसरल्या आणि त्यांच्यावर दगड ठेवले.

रविवारी ह्यांनी मीटर पाहिला. "घातलात ना घोळ! बघा काटा." आणि वायर उपटायला तरातरा अंगणात गेले. मी मागोमाग जाऊन वायरीवर पाय ठेवला.

"हिला हात लावाल तर तुमची एकेक फरशी उचकटून टाकीन," मी म्हटलं. मी खरंच टाकली असती. हे वायर सोडून माझ्यामागून आत आले.

"शिट्टी, आहेस का?"

बाबांनी बटण दाबलं. "आहे."

बराच वेळ नुसती खरखर. मग, "अरे! कुठे होतास इतके दिवस? मी तर मुलीला सांगून टाकलं, शिट्टी गेला म्हणून."

"इथंच होतो. दर वेळी ओ देत होतो." बाबांचा आवाज आता खरोखरच बसला होता.

"आधी फोन नंबर घ्या," मी म्हणाले आणि डोळे पुसले.

हे अजून मीटरसमोरच उभे होते. "तरीपण काटा चुकीचाच आहे," ते म्हणाले.

मी बाबांचा रुमाल घेतला आणि मीटरवर टाकला.