वळणावर वकील थांबला

घोडा चालता चालता लीद टाकतो. त्यासाठी थांबावं असं त्याला वाटत नाही.

बाबांचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. प्लास्टरवर ग्रीसचे डाग, कारण ऐकतात कुठे!

जुन्या पडद्याची झोळी. निळी, वर पांढरे बगळे. घोड्याच्या शेपटीखाली बांधायची. बांधली. घोड्यानं एकदा मान वळवून मागे पाहिलं, लाथ झाडली, आणि बगळे उडाले. थेट कुंपणापलीकडे.

गाजरं. पुष्कळ गाजरं.

समितीच्या बाईंचे नवेकोरे पांढरे बूट.

थांबा. नीट सांगते. पण धाप लागलीय, तेव्हा जमेल तसं.

काकू म्हणजे बाबांची थोरली वहिनी. गावाच्या टोकाला तिची घोडेस्वारीची शाळा आहे. काका गेल्यापासून ती एकटीच चालवते, आणि मी तिच्याकडे नवशिक्यांना शिकवते. तबेल्यातून मैदानावर जायला एकच रस्ता. त्याच रस्त्याच्या वळणावर बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. मागच्या महिन्यात, दुकानासमोरच, ओल्या लिदीवरून बाबांची सायकल घसरली. सायकलला काही झालं नाही (हे बाबा आधी सांगतात). मनगट मोडलं (हे नंतर). बाबांनी तक्रार केली. रस्ते समितीनं रविवारी चाचणी ठेवली: एक घोडा, एक स्वार, तबेल्यापासून मैदानापर्यंत. मागे रस्त्यावर काही उरलं, तर घोड्यांना तो रस्ता बंद.

रस्ता बंद म्हणजे मैदान बंद. मैदान बंद म्हणजे शाळा बंद, घोडे विकायचे, काकूनं घरी बसायचं. आणि काकू घरी बसली तर घराचं काय होईल, याचा विचारच करवत नाही. एवढं सगळं एका शेपटीवर लोंबकळत होतं!

निरोप

दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. मधे मी.

"वहिनींना सांग, कुत्रं फिरवणारी माणसंसुद्धा पिशवी घेऊन निघतात."

"भावजींना सांग, कुत्र्याच्या पाठीवर बसून कोणी फिरत नाही."

"मग उतरा म्हणावं खाली! घोडा तुमचा, तर त्यानं टाकलेलंही तुमचंच."

"रस्त्यावर? उतरायचं?" काकू माझ्यावरच ओरडली, जणू मीच म्हणाले होते. "एका हातात लगाम, एका हातात फावडं, आणि मागून बसनं भोंगा वाजवला की घोडा एकीकडे, फावडं दुसरीकडे आणि मी मधे! भावजी येणार आहेत का मला गोळा करायला?"

रस्त्यावर खोगीर सोडायचं नाही. काकूच्या शाळेतला हा पहिला धडा. बसायला शिकवण्याच्या आधीचा.

"आणि लीद म्हणजे काय," ती पुढे म्हणाली, "गवतच ते. पावसानं वाहून जातं."

हे मी बाबांना सांगितलं. बाबांनी प्लास्टर वर उचलून दाखवलं. "हे गवतानं झालंय म्हणावं."

मला दोघांचंही पटत होतं. त्यामुळे दोघंही माझ्यावर चिडलेली.

वकील कोण

घोडा. तपकिरी, कपाळावर पांढरा ठिपका. उजवीकडे वळ म्हटलं की आधी डावीकडची बाजू मांडतो, म्हणून वकील. चाचणीसाठी काकूनं त्यालाच निवडलं, कारण वकिलानं रस्त्यावर कधी म्हणजे कधीच घाण केली नव्हती. तबेल्यामागच्या पटांगणात एक कोपरा त्याचा स्वतःचा. तिथेच जायचा. बाकीचे घोडे कुठेही, कसेही. हा मात्र शिस्तीचा.

"याला उचलायचा प्रश्नच नाही," काकू म्हणाली. "जे पडणारच नाही, ते उचलायचं काय?"

वाटलं, जिंकलो!

आठवडा

रविवारपर्यंत कोणाला बोट दाखवायला जागा नको, म्हणून मी घोड्यांच्या मागोमाग ढकलगाडी घेऊन चालायची. पडलं की उचल. पडलं की उचल. गाडी भरली की वळणावरच्या विजेच्या खांबापाशी, डांबराच्या कडेलाच रिकामी करायची. ही काकूचीच कल्पना. रोपवाटिकेची गाडी तिथून ढीग नेणार होती. ढीग बाबांच्या दुकानाच्या अगदी तोंडासमोर. ही कल्पनाही काकूचीच, असं मला वाटतं.

आणि वकील! रोज त्या ढिगापाशी आला की थांबायचा, हुंगायचा आणि त्यात आपली भर घालायचा.

"बघितलंस?" काकूला कोण कौतुक. "बरोब्बर ढिगातच! गुणाचा गं माझा!" आणि गाजर.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. पुन्हा गाजर.

आम्ही टाळ्याही वाजवल्या. हो. टाळ्या.

शनिवारी संध्याकाळी ढीग गेला. जागा मी पाण्यानं धुतली, खराट्यानं घासली. चकचकीत. त्याच संध्याकाळी समितीचा निरोप आला: मागे ढकलगाडी चालणार नाही. रोज कुठून आणणार? उचलायचं ते स्वारानं स्वतः. काकूनं खोगिराला लहान फावडं आणि पोतं बांधलं. "शोभेला," म्हणाली.

रविवार, सकाळ, पटांगण

वकील आपल्या कोपऱ्यात उभा. आम्ही वाट बघतोय. निघण्याआधी त्यानं मोकळं व्हावं, एवढीच इच्छा.

काकू शीळ घालते. मी शीळ घालते.

वकील कान हलवतो.

"अरे, तुझाच कोपरा आहे ना हा? मग?"

वकील कोपऱ्याकडे असा बघतो, जसा माणूस आपल्या जुन्या शाळेकडे बघतो. बरी होती, पण आता काय.

"पोट रिकामं असेल त्याचं," काकू म्हणते, आणि घोड्यावर बसते. उशीर झालाय!

रस्ता

टप टप टप टप. घोडा मधून, काकू वर, ताठ. मी पदपथावर, समितीच्या बाईंच्या शेजारी. बाई चालता चालता खाली बघतायत, फक्त खाली. खिडक्यांत माणसं. कोणीतरी कॉफीचा कप घेऊन गच्चीत. सगळा रस्ता एका शेपटीकडे बघतोय!

बेकरी गेली. काही नाही.

शाळेचं फाटक गेलं. काही नाही!

माझ्या हातांच्या मुठी. नखं तळव्यात. चल रे, चल रे, चल रे.

वळण.

बाबा दुकानाच्या पायरीवर. प्लास्टर छातीशी.

वकील हळू होतो.

नाही.

वकील मान खाली घालतो. हुंगतो. नेमकं खांबापाशी, नेमकं धुतलेल्या डांबरावर. आणि तेव्हा, आत्ता, इतक्या उशिरा, माझ्या डोक्यात प्रकाश पडतो: जिथे दुसऱ्या घोड्याच्या लिदीचा वास, तिथेच आपलीही टाकायची, ही त्याची जातीची खोड. पटांगणातला कोपरा असाच तर झाला होता त्याचा! पाण्यानं आमच्या नाकातला वास गेला, त्याच्या नाही. आठवडाभर आम्ही त्याला नवा कोपरा दिला होता. गाजरं देऊन. टाळ्या वाजवून!

काकू टाच मारते. वकील बाजू मांडतो.

शेपटी वर.

मी डोळे मिटते. आवाज ऐकू येतो. बराच वेळ ऐकू येत राहतो.

समितीच्या बाई: "उचला."

काकू वर. फावडं खोगिराला. रस्ता खाली. आणि मागून, अर्थातच, बस. वळणावर येऊन उभी, धडधडत.

मी पुढे पाऊल टाकते. बाईंचा हात आडवा. "तुम्ही नाही."

काकू खांबाकडे बघते. खांबाला घोडा बांधायचा नसतो, तिनंच शिकवलंय. ती माझ्याकडे बघते. तिचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. घाबरलेला. आता ती टाच मारणार, घोडा पुढे नेणार, मागे सगळं तसंच राहणार आणि संपलं.

"उतरा, वहिनी."

बाबा! पायरी उतरून रस्त्यावर. पडल्यापासून पहिल्यांदा तिच्याशी थेट बोलले.

"धरतो मी."

"तुमचा हात—"

"दुसरा आहे ना."

"हा चावतो, भावजी."

"मीही चावतो. उतरा आता, बस खोळंबलीय!"

काकू बाईंकडे बघते. बाई जरा विचार करतात. "उचलायचं स्वारानं. धरायचं कोणी, त्याबद्दल समितीचं काही म्हणणं नाही."

आणि काकू उतरली! भर रस्त्यात! खोगीर सोडून! मी ओरडलेच.

बाबांच्या डाव्या हातात लगाम. तेवढ्यात भोंगा. वकिलाची मान वर, डोळे पांढरे, खुरांचा खडखडाट. बाबा हलले नाहीत. मान जाईल तिकडे हात सैल सोडला, मग हळूच खाली आणला, आणि तोंडानं काहीतरी, जिभेनं टक् टक्. वकील थांबला. वकिलानं ऐकलं! वकिलानं!

काकू फावडं घेऊन वाकलेली.

"कडेचं राहिलं," बाबा.

"दिसतंय मला."

"तिथं. नाही, तिथं. खांबाच्या मागं."

"भावजी, लगाम चालवा. तोंड नको."

खिडकीतून कोणीतरी हसलं. बाबाही हसले, प्लास्टर हललं, कळ आली, तरी हसले. काकू लाल झालेली, केस सुटलेले, पोत्याचं तोंड आवळत उभी. बसचालकानं हात वर केला. शाबासकी होती की वैताग, कळलं नाही.

बाई खाली वाकल्या. पांढऱ्या बुटाचं टोक डांबरावरून फिरवलं. टोक बघितलं. पांढरं!

"रस्ता खुला," त्या म्हणाल्या. "पण नियम हाच. जो बसेल, तो उतरून उचलेल. दर वेळी. पाऊस येईपर्यंत वाट बघायची नाही."

काकूनं मान डोलावली. भांडली नाही. "आणि धरणार कोण दर वेळी?"

"दुकान काय पळून जातंय?" बाबा म्हणाले. "इथं थांबवत जा."

"ते मी कशाला सांगायला हवं," काकू म्हणाली. "आता तो इथंच थांबणार."

मग परत चढायचं होतं आणि चढायला ओटा नव्हता. बाबांनी वकिलाला दुकानाच्या पायरीशी नेऊन उभं केलं. काकू पायरीवर चढली, तिथून रिकिबीत पाय, आणि वर! बाबा लगाम लगेच सोडत नव्हते.

"भावजी, द्या."

"हो, हो."

टप टप टप टप. मी मैदानापर्यंत पळत गेले, घोड्याच्या बरोबरीनं, बाईंना मागे टाकून, बसला मागे टाकून.

तबेल्यातला पहिला घोडा, काका होते तेव्हा, बाबांनीच आणला होता, असाच लगाम धरून.