मान्यांच्या चहाची जीभ

मी तोंडाची फटकळ, हे सगळ्या दांडिया बाजाराला ठाऊक आहे. गॅसच्या बाटलेवाल्यापासून महानगरपालिकेच्या साहेबापर्यंत मी कुणाला सोडलेलं नाही. अशा बाईनं सात महिने एक गोष्ट पोटात ठेवली, यावर आमच्या सुनेचा, मृदुलाचा, अजून विश्वास बसत नाही. माझाही कुठे बसतोय म्हणा!

आमचं 'माने टी रूम'. पुढे बारा टेबलं, मागे चहाच्या मिश्रणाची खोली. आजेसासरे श्रीपतराव संस्थानच्या फौजेत होते. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत त्यांना रसदखात्यात चहाच्या पेट्या तपासायला बसवलं. तलवारीच्या घराण्यातला माणूस चहा हुंगत बसतो, म्हणून भाऊबंद हसले. पुढे संस्थान विलीन झालं, फौज गेली, हसणारे नोकऱ्या शोधत फिरले आणि श्रीपतरावांनी दुकान टाकलं. आसामचा दाणा रंगाला, निलगिरीचं पान वासाला, आणि तिसरं एक पान, जे आम्ही कुणाला सांगत नाही. आज करजणच्या हायवेवरच्या हॉटेलांपासून निजामपुऱ्यातल्या घरांपर्यंत आमची पुडी जाते.

घरातला नियम एकच. मिश्रण एकाच जिभेनं करायचं. आधी श्रीपतरावांची जीभ, मग सासऱ्यांची, मग आमच्या ह्यांची, प्रतापसिंहरावांची. ज्याची जीभ त्यानं पान-तंबाखूला शिवायचं नाही, कच्चा कांदा खायचा नाही. रोज सकाळी दहाला सहा कप मांडायचे, डावीकडून उजवीकडे ठरलेल्या क्रमानं. रंगाला भुलू नये म्हणून डोळे मिटून चाखायचं आणि तस्तात थुंकायचं. घरच्या सुनेनं पाणी उकळायचं, हे सांगतील ते प्रमाण पाटीवर लिहायचं आणि कपांत उरलेलं ओतून टाकायचं. एकेचाळीस वर्षं मी पाटी लिहिली, पण उरलेला चहा कधी ओतला नाही. इतका महागाचा चहा मोरीत घालायचा? मी आपली घोट घोट पिऊन टाकायची.

गेल्या दिवाळीनंतर ह्यांना ताप आला. दहा दिवस निजून होते. अकराव्या दिवशी दाढीबिढी करून दहाच्या ठोक्याला खोलीत हजर. माझं डोकं त्या दिवशी फिरलेलं होतं, कारण बाटलेवाला तिसऱ्यांदा 'काले आवीश', उद्या येतो, म्हणून तोंड चुकवून गेला होता. त्या रागात मी सहाही कपांत एकाच डब्यातला चहा घातला. तोही कुठला, तर हॉटेलवाल्यांना देतो ती कडक भुकटी! लक्षात आलं तेव्हा ह्यांनी डोळे मिटून पहिला घोट ओढलासुद्धा होता.

"आसाम," हे म्हणाले. "यंदा अंगात दम आहे हं."

मी 'अहो, थांबा' म्हणणार, तेवढ्यात दुसरा कप. "निलगिरी. वास बघ कसा, लिंबाचं पान चुरगळल्यासारखा." मग तिसरा, मग चौथा. सहा कप, एकच भुकटी, आणि हे एकेकाचे वेगळे गुण गात होते. खोटं बोलत नव्हते हो! तोंडावर तोच नेहमीचा आनंद. इतक्या वर्षांची आठवणच त्यांना चव म्हणून लागत होती.

"लिही," ते म्हणाले. "आसाम पाच, निलगिरी दोन, तिसरं अर्धं."

मी लिहिलं. ते गल्ल्यावर गेल्यावर सगळे डबे पुन्हा काढले, चहा केला, चाखला. भारी झाला होता, घशाशी येत होता. मी पाटी पुसली आणि आसाम साडेचार, निलगिरी अडीच केलं. दाराकडे बघत बघत लिहिलं, चोरी केल्यासारखं.

सांगायला काय झालं होतं, म्हणाल. सासऱ्यांची जीभ म्हातारपणी गेली, तेव्हा ते खोलीतून बाहेर पडले ते पुन्हा दुकानात फिरकलेच नाहीत. अंगणातल्या खुर्चीत बसले आणि दीड वर्षात संपले. मी पाहिलंय ते. आमचे हे सकाळी उठतात तेच त्या सहा कपांसाठी. हेही तसेच खुर्चीत बसले, तर मी काय करू? म्हणून रोज लिहायची, रोज पुसायची.

आणि गंमत बघा, चहा कुणाला खटकला नाही. उलट शेजारचे कापडवाले म्हणायला लागले, "मंदाबेन, हमणां तो चा बहु सरस आवे छे!" आमचे रोजचे गिऱ्हाईक, निवृत्त हेडमास्तर दत्ताजीराव, ते तर टेबलावर थाप मारून म्हणत, "प्रतापराव, तब्येत सुधारली तशी जीभही तरणी झाली तुमची!" हे मिशीत हसायचे. मला वाटायचं, द्यावी एक ठेवून दोघांना. करतंय कोण आणि मिरवतंय कोण! पण हे हसताना इतके छान दिसायचे, की मी गप्प बसायची.

जूनअखेर मात्र पंचाईत झाली. नव्या हंगामाचे नमुने आले, अकरा पुड्या. त्यांतून एक आसाम निवडायचा आणि वर्षभराच्या पेट्या त्याच्याच घ्यायच्या. निवड झाली, की हे जागच्या जागी गुवाहाटीच्या दलालाला फोन करतात. तिथे पाटी पुसून भागणार नव्हतं.

ह्यांनी अकरा कप चाखले आणि चौथ्यावर बोट ठेवलं. "हा. याच्यासारखा दुसरा नाही."

चौथी पुडी वाटेत भिजली होती. तिला ओल्या गोणपाटाचा वास येत होता. दारात उभ्या असलेल्या मृदुलालासुद्धा तो आला, तिनं नाकाला पदर लावला. ह्यांनी फोन उचलला. मी तो हातातून काढून घेतला.

"अगं, हे काय?"

"तुमची चव गेलीय," मी म्हणाले. किती दिवस घोकलं होतं, गोड शब्दांत सांगू, हळूहळू सांगू. आलं ते हे असं, दगड मारल्यासारखं.

हे हसले. "तुझं डोकं फिरलंय, मंदा."

"मग डोळे मिटा."

मी एक कप हातात दिला. त्यांनी घोट ओढला, तोंडात घोळवला, वेळ घेतला. "निलगिरी. जरा हलका आहे यंदा."

"उघडा डोळे."

कपात नुसतं गरम पाणी होतं. तळाची भेगसुद्धा दिसत होती. ते बघतच राहिले. मला वाटलं, आपल्या हातानं मी ह्यांना खुर्चीत नेऊन बसवलं. असं करायला नको होतं, कुणीच कुणाला असं करू नये.

नजर न उचलता हे म्हणाले, "मग चहा कोण करतंय?"

"मी."

"कधीपासून?"

"दिवाळीच्या तापापासून."

त्यांनी कप खाली ठेवला. "यांतला कुठला घ्यावा?"

"नववा."

"का?"

"मला तुमच्यासारखं बोलता येत नाही हो."

"येईल तसं बोल."

मी नववा पुन्हा चाखला. "तूप कढवताना बेरी जळायच्या जरा आधी वास येतो ना, तसा लागतो. आणि गिळल्यावर थोडं गोड राहतं." हे डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी फोन मागून घेतला आणि दलालाला नववा सांगितला. त्यानंतर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. रात्री दोन घास खाल्ले आणि भिंतीकडे तोंड करून निजले. मी जागीच होते.

दुसऱ्या दिवशी दहा वाजले. खोलीत हे आले नाहीत. अंगणात पाहिलं, तिथेही नाहीत. पुढे गेले, तर हे कोट घालून टेबलांच्या मधोमध उभे.

"मंडळी," ते म्हणत होते, "माझी चव गेलीय. दिवाळीपासून तुम्ही पिताय तो चहा हिनं केलेला आहे. यापुढेही हीच करणार."

दत्ताजीरावांनी समोरच्या कपातला घोट घेतला. पुडी कालचीच, चहा कालचाच. त्यांनी ओठ मुडपले आणि मान हलवली. "वाईट नाही हं, वहिनी. पण प्रतापरावांची सर नाही. थोडा फरक पडलाय."

सात महिने टेबल बडवणारा हाच माणूस! मी पदर खोचून पुढे झाले, पण हे माझ्या आधी टेबलाशी पोहोचले. त्यांनी दत्ताजीरावांचा कप उचलला, सगळ्यांदेखत एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"फरक नाही. चहा चोख आहे."

"अहो, आत्ताच म्हणालात ना, चव कळत नाही?"

"नाही कळत. पण हिचं माप चुकलं, की हिचं तोंड एवढंसं होतं. एकेचाळीस वर्षं ते तोंड समोर बघतोय मी. आज बघा तिच्याकडे. चुकलेल्या बाईचं तोंड आहे का हे?"

सगळं दुकान माझ्याकडे बघायला लागलं. दत्ताजीरावांनी गुपचूप कप जवळ ओढला. मी दुधाचं पातेलं बघायला म्हणून आत गेले आणि पदरात तोंड घालून पोटभर रडले.